कांचनगंगा (कांचनजंगा)

जगातील तिसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर. उंची ८,५८६ मी. पूर्व हिमालयात, नेपाळ व सिक्कीम यांच्या सीमेवर. एव्हरेस्टचे मोजमाप पुढे येईपर्यंत, म्हणजे १८५० च्या सुमारापर्यंत, हेच जगातील सर्वोच्च शिखर मानले जाई. दार्जिलिंगहून निरभ्र पहाटे ते आधी गुलाबी व मग सोनेरी दिसते. त्यामुळे मराठीत रुळलेले ‘कांचनगंगा’ हे रूप त्याला शोभते खरे. गंगेशी मात्र नावाचा काही संबंध नाही. मूळ तिबेटी नावाचा अर्थ ‘महाहिमाचे पाच खजिने’ असा सांगतात. पर्वताला पाच शिखरे आहेत. त्यांत मीठ, सोने व पिरोजा, धर्मग्रंथ, शस्त्रे, तसेच धान्य व औषधे दडलेली आहेत, अशी श्रद्धा आहे. सोन्याच्या आधी मीठ येते, यावरून तिथले जगणे कळते.

सिक्कीममध्ये हा पर्वत रक्षक देव आहे. पांग ल्हाबसोल या सणात त्याचे सोंग नाचवतात : तांबडा मुखवटा, त्यावर पाच कवट्यांचा मुकुट.

१९०५ च्या मोहिमेत हिमस्खलनात अलेक्सिस पाश व तीन हमाल दगावले. १९२९ व १९३१ मध्ये पाउल बाउअरच्या जर्मन तुकड्यांनाही ईशान्येकडून माथा गाठता आला नाही. १९५५ साली चार्ल्स इव्हान्सच्या ब्रिटिश तुकडीने नेपाळच्या बाजूने, यालुंग हिमनदीवरून वाट काढली. २५ मे रोजी जॉर्ज बँड व जो ब्राउन माथ्याजवळ आले, तेव्हा समोर उभा कातळ आणि त्यात सुमारे सहा मीटरची फट होती. इंग्लंडातल्या खडकांवर अशा फटींत मुठी रोवून चढण्यात ब्राउन तरबेज होता. त्याने ऑक्सिजनचा प्रवाह वाढवला आणि तीच युक्ती इथे, साडेआठ हजार मीटरवर, वापरली. कातळ संपला, हिमाचा माथा काही पावलांवर राहिला. दोघे तिथेच थांबले. माथा अस्पर्श ठेवू, असे वचन मोहिमेने सिक्कीमच्या राजाला दिले होते. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी व टोनी स्ट्रेदर यांनी फटीला वळसा घालणारी सोपी वाट शोधली. तेही माथ्याखालीच थांबले. पहिल्या यशस्वी चढाईची नोंद आहे ती अशी, शेवटची पावले न टाकता झालेली.

जर्मनांना न जमलेली ईशान्येची धार १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेनेच्या तुकडीने सर केली. प्रेमचंद व निमा दोर्जे वर पोहोचले. १९७९ मध्ये डग स्कॉट, पीटर बोर्डमन व जो टास्कर उत्तरेकडून, कृत्रिम ऑक्सिजनशिवाय चढले. ११ जानेवारी १९८६ रोजी येझी कुकुच्का व क्शिश्तोफ व्हिएलित्स्की या पोलिश जोडीने ऐन हिवाळ्यात शिखर गाठले. पोलंडचीच वांदा रुत्किएविच १९९२ मध्ये या पर्वतावर बेपत्ता झाली. शिखरावर पोहोचलेली पहिली स्त्री जिनेट हॅरिसन (१९९८).

सिक्कीमच्या बाजूने चढाईला आता बंदी असल्याने मोहिमा नेपाळमधूनच जातात. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा गिर्यारोहक १५ मे २०१९ रोजी याच बाजूने शिखरावर पोहोचले. मोहिमेचे नेते उमेश झिरपे होते.