जिन्याच्या कठड्याचे धातूचे गज

पायरी आणि हात धरण्याची वरची दांडी यांच्यामध्ये उभे बसवलेले लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलचे गज. जुन्या घरांत कातीव सागवानी गज असत, ब्रिटिश अमदानीतल्या इमारतींत बिडाचे नक्षीदार. आता घरगुती जिन्याला बहुधा १० किंवा १२ मिमीचे चौरस लोखंडी बार अथवा स्टीलचे पाइप वापरतात.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार पायरीच्या मध्यापासून दांडीच्या माथ्यापर्यंतची उंची किमान १,००० मिमी हवी. मात्र खरा घोळ होतो तो गजांमधल्या फटीत. लहान मुलाचे डोके अडकू नये म्हणून ब्रिटनमध्ये १०० मिमी व्यासाचा गोळा पार होणार नाही एवढीच फट ठेवतात. आपल्याकडेही हे माप धरणे शहाणपणाचे. २५० मिमी रुंदीच्या प्रत्येक पायरीवर १२ मिमीचे दोन गज बसवले, तर मध्ये ११३ मिमी मोकळे राहतात, म्हणजे जास्तच. तीन बसवले की फट ७१ मिमीवर येते. खर्च वाचवायला कारागीर दोनच सुचवतो. तिथे ऐकू नये. उभ्या गजांऐवजी आडवे पाइप टाकण्याची फॅशन तर आणखी वाईट, कारण मुलांना ती आयती शिडीच होते.

काम सुरू होते ते दोन टोकांच्या जाड खांबांपासून. ते ओळंब्यात उभे करून दोरी ताणतात, दांडीचा उतार ठरवतात आणि मग प्रत्येक गजाची लांबी जागेवर मापून कापतात. सगळ्या पायऱ्या सारख्या असतीलच असे नाही, त्यामुळे एकाच मापाने सारे गज आधी कापून आणणे अंगाशी येते. गज रोवायला पायरीच्या ग्रॅनाइटच्या अगदी कडेला भोक पाडले की दगडाची कपची उडते. त्याऐवजी स्लॅबच्या बाजूला पट्टी ठोकून गज धरले, तर दगड वाचतो आणि जिन्याची रुंदीही पूर्ण मिळते.

जिना धुताना पाणी गजाच्या बुडाशी साचते आणि गंज तिथूनच चढतो. गंजलेले लोखंड फुगते व भोवतालचा दगड तडकवते. म्हणून भोक नीट भरून वरून सीलंट लावतात. लोखंडाला रंगाआधी रेडऑक्साइडचे गंजरोधक अस्तर हवेच. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरीचा रंग) केलेले गज जागेवर वेल्डिंग करून जोडले, तर सांध्यापाशी थर जळतो. ते बोल्टने आवळावेत.

स्टेनलेस स्टीललाही डाग पडतात. लोखंड घासलेली ग्राइंडरची चकती त्यावर चालवली, की लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पुढे तांबूस ठिपके उमटतात. २०२ दर्जाचा स्टील स्वस्त पण लवकर गंजणारा. घरात ३०४ पुरतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या जिन्याला मॉलिब्डेनम असलेला ३१६ घ्यावा.