सुई टोचली तर पेप कुठे, कोणाला आणि कुठल्या कागदावर मिळते

आधी एक गोंधळ मिटवू. पेप वेगळी, प्रेप वेगळी. वापरलेली सुई टोचली, कंडोम फाटला, बलात्कार झाला, असा धोका होऊन गेल्यावर २८ दिवस घ्यायची औषधाची गोळी ती पेप, आणि धोका पुन्हा पुन्हा येणार हे माहीत असताना आधीपासून घ्यायची ती प्रेप. दोन्ही एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून. सफाई कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, सेक्स वर्कर, तृतीयपंथी, यांना हे सगळ्यात आधी कळायला हवं आणि नेमकं त्यांनाच कोणी सांगत नाही.

पेपची मुदत ७२ तास. लोक याचा अर्थ "तीन दिवस आहेत, जाऊ निवांत" असा लावतात. पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यायचा असतो, ७२ तास ही शेवटची हद्द, आणि ती सुई टोचल्यापासून मोजायची, केसपेपर काढल्यापासून नाही. शुक्रवारी रात्री ९ ला टोचली तर सोमवारी रात्री ९ ला मुदत संपली. होतं काय, शनिवार-रविवार अंगावर काढतात, सोमवारी ओपीडीच्या लाइनीत उभे राहतात, खिडकीवरचा म्हणतो मुकादमाचं पत्र आणा, ते मिळतं मंगळवारी, झालं! म्हणून रात्र असो की रविवार, मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि "पहिला डोस आत्ता द्या, कागद मागाहून आणतो" असं स्पष्ट बोला. जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, ब्लीच-बिच ओतू नका.

आता कागद. सगळ्यात जास्त अडतं ते "ज्याची सुई त्याचा रिपोर्ट आणा" इथे. अहो, कचऱ्याच्या पिशवीतली सुई, तिचा मालक कुठून शोधायचा? असा रिपोर्ट नसला तरी धोका किती हे बघून डॉक्टर पेप सुरू करू शकतात. ठेकेदाराकडे कामाला असाल तरी घाबरू नका, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात जिथे कामावर असा धोका आहे तिथे काम करणाऱ्यांना पेप द्यायची जबाबदारी मालकावर टाकलीय. घटना कधी, कुठे, कशी झाली हे त्याच दिवशी लिहून मुकादमाची सही घ्या, पण सहीसाठी थांबू नका.

बलात्कार झालेल्या व्यक्तीला "आधी एफआयआर करा" म्हणून परत पाठवता येत नाही. सरकारी असो की खाजगी, हॉस्पिटलने लगेच आणि फुकट उपचार द्यायचे असतात, पोलिसांना कळवणं हे हॉस्पिटलचं काम.

कंडोम फाटला असेल तर सरकारी ठिकाणी विचारा, नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका, त्याच दिवशी खाजगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन मेडिकलमधून गोळ्या घ्या.

पेपच्या सुरुवातीला तुमची एचआयव्ही टेस्ट होते. ती निगेटिव्ह आली की लोक सुटलो म्हणून घरी जातात!! ती टेस्ट तुमची आधीची स्थिती सांगते, कालच्या सुईचं तिला काहीच कळत नाही. गोळी साधारण रोज एकच, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र असलेली. मळमळतं म्हणून आठवड्यात सोडू नका. किडनीचा त्रास, टीबीचं औषध चालू असेल तर आधी सांगा, आणि अॅसिडिटीची, कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी सोबत घेऊ नका, वेळ डॉक्टरला विचारा. नंतर ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी पुन्हा टेस्ट.

प्रेप सरकारी केंद्रात सगळीकडे फुकट मिळत नाही, बहुतेकांना खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकत घ्यावी लागते. सुरू करायला एचआयव्ही निगेटिव्ह रिपोर्ट, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी, मग दर तीन महिन्यांनी एचआयव्ही टेस्ट. मैत्रिणीच्या डबीतल्या गोळ्या टेस्ट न करता चालू करणं हे फार बघायला मिळतं, ते नको, आधीच लागण असेल तर तेवढ्या गोळ्या पुरत नाहीत आणि पुढे औषध लागू पडेनासं होऊ शकतं. आणि सिफिलिस, गोनोरिया असे संबंधातून होणारे आजार प्रेपने थांबत नाहीत, कंडोम लागतोच.

जवळचं सरकारी केंद्र माहीत नसेल तर १०९७ ही एड्स हेल्पलाइन लावा, फोन फुकट आहे.