भटक्या कुत्र्यांविषयीची दया आणि तिचा खर्च: १८३२ पासूनची पार्श्वभूमी

रस्त्यावरच्या कुत्र्यांचे काय करायचे, हा वाद २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला तेव्हा तो नव्यानेच उपस्थित झाल्यासारखी चर्चा झाली. प्रत्यक्षात मुंबईपुरते बोलायचे तर हा वाद जवळपास दोनशे वर्षे जुना आहे, आणि त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा सुटून गेलेला दिसतो: ज्या प्राण्याला माणसाने स्वतःच्या वस्तीत आणले, उष्ट्यावर वाढवले आणि नंतर बेवारस सोडले, त्याची जबाबदारी नेमकी कोणाची आणि तिचा खर्च कोणी उचलायचा?

ब्रिटिश अमदानीतील मुंबईत उन्हाळ्याच्या महिन्यांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही काठ्या चालवत, घराच्या आवारात शिरत, अशा तक्रारी होत्या. १८३२ मध्ये ही मोहीम जून महिन्यापर्यंत लांबली आणि ६ जूनला, पारशी समाजाच्या दृष्टीने पवित्र असलेल्या दिवशी, कोटात (आजच्या फोर्ट भागात) शिपायांवर जमाव चालून गेला. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान केवळ भूतदयेपुरते नाही. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडणे हा तेथील अंत्यविधीचाच भाग आहे, त्याला सगदीद म्हणतात, आणि कुत्र्याला इजा करणे हे धर्मग्रंथांनी पाप मानले आहे. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही बंदमध्ये उतरले, कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. धरपकड झाली, शिक्षा झाल्या. त्यानंतर शहरातील प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी सरकारपुढे म्हणणे मांडले की कुत्री मारू नयेत, ती शहरातून हलवावीत.

या दंग्यापेक्षा त्यानंतर जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ, म्हणजे बेवारस जनावरांना सांभाळणारी संस्था, सुरू झाली. भुलेश्वरजवळचा तो परिसर आजही याच नावाने ओळखला जातो. ती एखाद्या देणगीदाराच्या मर्जीवर सोडलेली नव्हती: व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर ठराविक लाग (म्हणजे पट्टी) बसवून घेतला आणि त्यातून जनावरांच्या चाऱ्यापाण्याची कायमची सोय केली. कुत्री मारू नका, असे सरकारला सांगणाऱ्यांनी त्यांना सांभाळण्याचा भार स्वतःच्या वहीखात्यात लिहून घेतला होता. पुढच्या काळात दयेचा उच्चार वाढत गेला, पण ही सोय मात्र क्वचितच दिसली.

नंतरच्या अर्धशतकात संस्था उभ्या राहिल्या. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था निघाली, १८८३ मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळचे बाई साकरबाई रुग्णालय उभे राहिले आणि १८९० मध्ये प्राणी-क्रूरतेविरुद्धचा कायदा झाला. मात्र या साऱ्यांचे लक्ष मुख्यतः ओझ्याचे बैल, टांग्याचे घोडे आणि दुभती जनावरे यांच्याकडे होते. ज्याला मालक नाही असा कुत्रा नगरपालिकेच्या कुत्रे पकडणाऱ्या गाडीच्याच वाट्याला राहिला.

१९२६ मध्ये अहमदाबादला या प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारातील साठ भटकी कुत्री मारवली आणि गांधीजींनी त्यांची बाजू घेतली. संतापलेल्या वाचकांची पत्रे आली, आणि गांधीजी पुढे अनेक आठवडे ‘यंग इंडिया’त या विषयावर लिहीत राहिले. त्यांचे म्हणणे असे की, बेवारस कुत्रा ही समाजाने लाज वाटून घ्यावी अशी गोष्ट आहे. येताजाता तुकडा टाकून पुण्य मिळाल्याचे समाधान मानणारा माणूस कुत्र्यावर दया करत नाही, तो त्याची दुर्दशा लांबवतो. ज्याला कळकळ आहे त्याने कुत्रे पाळावे किंवा पांजरापोळीला पैसे द्यावेत. कुत्री मारण्याला त्यांनी दिलेली मुभा मला पटत नाही आणि पुढच्या अनुभवाने ती निरुपयोगीही ठरवली. परंतु तुकडा टाकणे आणि जबाबदारी घेणे यांत त्यांनी दाखवलेला फरक आजही तितकाच खरा आहे. रोटी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण आवडीने सांगतो. ती वाटी आजही गल्लोगल्ली दिसते, पण ती चाखणाऱ्या कुत्रीला दर खेपेला होणाऱ्या पाच-सहा पिलांपैकी बहुतेक पावसाळ्यात आजाराने किंवा गाडीखाली मरतात, त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यसभेत नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या विधेयकातून चक्रे फिरली आणि १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. या कायद्याने प्राण्याला वेदना होतात हे मान्य केले. तरी त्याच्या अकराव्या कलमात भटकी कुत्री मारण्याला सूटही ठेवली. मुंबई महापालिका अनेक वर्षे पकडलेली कुत्री विजेच्या धक्क्याने मारत असे. त्याने संख्या घटली नाही. याचे कारण साधे आहे: उघड्या कचराकुंडीवर जितकी कुत्री जगू शकतात तितकी त्या वस्तीत राहतातच, काही मारली की उरलेल्यांची पिले अधिक जगतात आणि शेजारच्या गल्लीतली रिकाम्या जागेत येतात. कुत्री हटवल्याने त्यांच्या संख्येवर किंवा रेबीजच्या प्रसारावर लक्षणीय परिणाम झाल्याचा पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही १९९२ च्या अहवालात नमूद केले.

पर्याय मात्र त्याआधीच सुचवला गेला होता. चेन्नईच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ पासून नसबंदी आणि लसीकरणाचा आग्रह धरला होता. तेथील महापालिकेने तो स्वीकारायला १९९६ उजाडले. मुंबईने १९९४ मध्ये कुत्री मारणे थांबवून नसबंदीचा मार्ग धरला. २००१ मध्ये केंद्राच्या नियमांनी हीच पद्धत देशभर लागू केली: कुत्रे पकडायचे, कोणत्या गल्लीतून उचलले ते लिहून ठेवायचे, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जखम भरल्यावर त्याच गल्लीत सोडायचे. ‘त्याच गल्लीत’ ही अट अनेकांना खटकते. परंतु आपली हद्द राखणारे, पिले न होणारे, लस टोचलेले कुत्रे तेथे असेल तर बाहेरचे कुत्रे सहसा शिरत नाही, आणि अनोळखी ठिकाणी नेऊन सोडलेले कुत्रे भेदरून अधिक चावते.

मधल्या काळात माणसाच्या आणखी एका कृतीने हे गणित बिघडवले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे गिधाडे जवळपास संपली, त्यांनी फस्त करायची मढी उघडी राहिली आणि कुत्र्यांना नवे अन्न मिळाले. जनावरांसाठीच्या या औषधावर २००६ मध्ये बंदी आली.

या पद्धतीतला लसीकरणाचा भाग नेटाने राबवला तर परिणाम दिसतो, हे गोव्याने दाखवले. तेथे २०१३ पासून सरकार आणि मिशन रेबीज ही स्वयंसेवी संस्था यांनी घरोघर, गल्लोगल्ली फिरून, गरज पडेल तेथे मोठ्या जाळ्यांनी पकडून, वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचण्यापर्यंत मजल मारली आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. इतरत्र बहुतेक नगरपालिकांमध्ये कंत्राट संपले की काम थांबते. एखाद्या भागातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांपर्यंत थोड्या काळात पोहोचल्याशिवाय परिणाम दिसत नाही. वर्षभर रखडत केलेल्या थोड्याफार शस्त्रक्रियांवर तितकीच नवी पिले पाणी फिरवतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख भटकी कुत्री नोंदवली गेली. अर्धवट मोहिमेचा फटका सर्वप्रथम बसतो तो वस्तीत उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना, आणि त्यांच्या आईबापांचा राग प्राणिप्रेमींनी हिणवण्याजोगा नाही.

२०२३ च्या नव्या नियमांनी या कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले आणि त्यांना खाऊ घालण्याची जागा व वेळ रहिवासी संघांसह ठरवायला सांगितले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातील सर्व कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी प्रभागवार जागा राखाव्यात. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके येथील कुत्री मात्र परत न सोडता निवाऱ्यातच ठेवायची आहेत. म्हणजे १८३४ मध्ये व्यापाऱ्यांनी लाग बसवून सोडवलेला खर्चाचा प्रश्न आता प्रत्येक नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आला आहे. जागा, पशुवैद्य, कुत्रे हाताळणारे प्रशिक्षित कामगार आणि आयुष्यभराचा खुराक यांची तरतूद नसेल, तर निवारा म्हणून उभ्या केलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ही कुत्री लोकांच्या नजरेआड, आजाराने आणि एकमेकांच्या चाव्यांनी मरतील.