पार्श्वभूमी : ताई काकोडकर आणि गोव्याचे मुंडकार

तेरेखोल नदीच्या अलीकडे, आमच्या सिंधुदुर्गात, स्त्री मुख्यमंत्री कोणी पाहिलेली नाही. महाराष्ट्रालाच ती अजून मिळायची आहे. नदीपलीकडे गोव्यात मात्र ती १९७३ मध्येच झाली.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्रिपदावर असतानाच गेले आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगो) नेतेपद त्यांची कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे दिले. वय ३८. सुचेता कृपलानी, नंदिनी सत्पथी यांच्यानंतरची ही देशातली तिसरी स्त्री मुख्यमंत्री. वडिलांची पुण्याई होतीच, ती कोण नाकारतो? पण ताई १९६७ पासून आमदार होत्या आणि १९७२ नंतर राज्यमंत्रीही.

त्यांचे खरे काम कायद्यांत दिसते. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राहणारा. भाटकाराची मर्जी फिरली की चुलीसकट बाहेर. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले. पाठोपाठ १९७६ मध्ये कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती आली आणि कसणाऱ्याला शेताचा मालक मानले गेले. कोर्टातल्या आव्हानांपासून वाचवण्यासाठी ही दुरुस्ती १९८४ मध्ये घटनेच्या नवव्या परिशिष्टात घालावी लागली, यावरून भाटकारांना ती किती झोंबली असेल ते समजावे.

१९७७ मध्ये मगोला ३० पैकी १५ जागा मिळाल्या. एवढ्या काठावरच्या सरकारला घरचेच नडले : एप्रिल १९७९ मध्ये पक्षाचे तीन आमदार विरोधकांना मिळाले, सरकार पडले, राष्ट्रपती राजवट आली. पुढची काँग्रेस, स्वतःचा भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष, पुन्हा मगो ही ये-जा त्यांच्या चाहत्यांनाही नीट सांगता येत नाही.

१९९० मध्ये शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान मराठी-कोकणीसारख्या देशी भाषांच्या शाळांपुरते ठेवले. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली होती; तेव्हापासून मराठीवादी आणि कोकणीवादी एकमेकांकडे पाठ करून बसलेले. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी शाळांनाही अनुदान द्यायचे ठरवले, तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर हे दोघे शेजारी बसले. मंचाच्या अग्रभागी पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताईच होत्या. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या गेल्या, तेव्हाही अनुदानाचा हा वाद मिटलेला नव्हता.