कुंडीतला पांढरा पुंजका चालायला लागला तर?

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरे पुंजके दिसले की हात आपसूक साबणाच्या पाण्याच्या बाटलीकडे जातो. पिठ्या ढेकूण, दुसरं काय! पण फवारा मारण्याआधी काडीने जरा डिवचून बघा. पिठ्या हललाच तर अगदी रेंगाळत हलतो. त्यातलाच एखादा चांगला सेंटिमीटरभर लांब, अंगावर मेणाच्या झिपऱ्या लोंबणारा निघाला आणि तुरुतुरु चालू लागला, तर ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी. ती तिथे आलेलीच असते पिठ्या खायला. पिठ्याच्या गोड, चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. या मेणाच्या सोंगामुळे त्यांच्या तावडीतून अळी बरीचशी सुटते. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये भारतात आणलेला. आज द्राक्ष बागायतदार तो विकत घेऊन बागेत सोडतात, आणि घरच्या कुंडीत फुकट आलेला आपण धुऊन टाकतो!

पिल्लू आईबापांसारखं दिसत नाही, म्हणून हा घोळ. ठिपकेवाला लाल-केशरी ढालकिडा शेंबडं पोरही ओळखतं. त्याची अळी मात्र काळपट, लांबट, पाठीवर पिवळे-केशरी डाग असलेली, एखाद्या सुसरीच्या पिल्लासारखी. ती माव्याच्या, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडींच्या, घोळक्यात फिरत असेल तर खुशाल फिरू द्या. वांग्याच्या पानावर पिवळट, काटेरी अळ्या असतील आणि पान खरवडून त्याची जाळी झाली असेल, तर तो एपिलॅक्ना. ढालकिड्याच्याच कुळातला, पण पक्का शाकाहारी.

क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याची अंडी केसासारख्या देठांवर अधांतरी उभी असतात. बुरशी समजून पुसू नका. त्याच्या अळीचे जबडे विळ्यासारखे वाकडे आणि आतून पोकळ. ते माव्यात खुपसून ती पाचक रस सोडते आणि आतला ऐवज शोषून घेते. काही जातींच्या अळ्या रिकामी कलेवरं पाठीवर लादून हिंडतात, त्यामुळे चालता कचराच दिसतो. सिरफिड माशीची अळी हिरवट, बिनपायाची, तोंडाकडे निमुळती. माव्यातच पडून मावा खात असते.

सगळ्यात फसवी म्हणजे ढेकणांची पिल्लं. भेंडीवर तांबड्या पिल्लांचा घोळका दिसला, तर बहुधा ते बोंडातल्या बियांचा रस शोषणारे तांबडे ढेकूण. पण शिकारी ढेकणांची पिल्लंही काही वेळा लालच असतात. अशा वेळी रंगावर जाऊ नका, सोंड पाहा. रसशोषकाची सोंड बारीक, सरळ आणि पोटाला चिकटून मागे गेलेली. शिकाऱ्याची आखूड, जाड, डोक्याखाली बाकदार. भिंग नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघितला तरी चालतं. फक्त बोटाने उचलायला जाऊ नका, शिकाऱ्याचा चावा चांगलाच झोंबतो.