चिठ्ठीविना मिळणारी दाहशामक वेदनाशामके: माहितीपत्रकातील सूचनांची पार्श्वभूमी

दात ठणकू लागला, कंबर धरली किंवा मुरगळलेला घोटा सुजला की बहुतेक जण आधी औषधाच्या दुकानाची वाट धरतात, आणि आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन किंवा ॲस्पिरिन यांपैकी एखादी गोळी घेऊन कामाला लागतात. त्या गोळ्यांसोबतचे बारीक अक्षरांतील माहितीपत्रक फारसे कोणी वाचत नाही. त्यातील सूचना सावधगिरी म्हणून कोणी तरी एका बैठकीत लिहून काढल्या असाव्यात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांतील जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे कधी तरी कोणाच्या तरी जठराला, मूत्रपिंडाला किंवा हृदयाला झालेली इजा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्रीची जी मुभा या औषधांना मिळाली, ती कमी मात्रा आणि थोडे दिवस या दोन अटींवरच मिळाली. मुभा सर्वांच्या लक्षात राहिली, पण अटी विसरल्या गेल्या. त्या अटी कशा ठरत गेल्या, हे समजून घेण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

विलो नावाच्या झाडाची साल ताप आणि दुखण्यावर वापरण्याची रीत प्राचीन इजिप्त आणि ग्रीसपासून चालत आली होती. तिची पद्धतशीर नोंद मात्र १७६३ मध्ये झाली. एडवर्ड स्टोन या इंग्लिश धर्मोपदेशकाने त्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपले निरीक्षण कळवले. विलोच्या सालीची कडू चव त्यांना हिवतापावर दिल्या जाणाऱ्या सिंकोनाच्या सालीसारखी वाटली होती. त्यांनी ती साल पिशवीत भरून पावभट्टीच्या बाहेरच्या बाजूला तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली, कुटून तिची पूड केली आणि हिवतापासारख्या तापाने आजारी असलेल्या सुमारे ५० जणांना ती दर चार तासांनी दिली. सुरुवात अगदी थोड्या मात्रेने करून परिणाम पाहत पाहत त्यांनी ती वाढवली होती. मात्रेविषयीची ही दक्षता पुढे दीडशे वर्षांत बऱ्याच अंशी हरवली, म्हणून तिची मुद्दाम नोंद करावीशी वाटते.

१८२८ मध्ये म्युनिकमध्ये योहान बुखनर यांनी या सालीतील कडू द्रव्य वेगळे केले, १८३८ मध्ये राफाएले पिरिया यांनी त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळवले आणि १८७४ च्या सुमारास जर्मनीत ते कारखान्यात तयार होऊ लागले. १८७६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील डॉक्टर थॉमस मॅकलॅगन यांनी सांध्यांच्या तीव्र आमवातावर सालीतील या द्रव्याचा गुण दाखवून दिला. रुग्णांना देण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले होते. मात्र सॅलिसिलिक आम्ल आणि त्याचे क्षार पोटाला झेपत नसत. मळमळ, जळजळ आणि कानांत सतत घुमणारा आवाज यांमुळे अनेक रुग्ण औषध अर्ध्यावर सोडत. या त्रासावर तोड म्हणून बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत १८९७ मध्ये फेलिक्स हॉफमन यांनी ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात तयार केले. या शोधाच्या श्रेयावर त्यांचे सहकारी आर्थर आयखेनग्र्यून यांनी पुढे हक्क सांगितला आणि तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. १८९९ मध्ये ते ॲस्पिरिन या नावाने बाजारात आले आणि १९१५ पासून गोळीच्या रूपात चिठ्ठीविना मिळू लागले. पोटाला सोसणारे औषध, अशीच त्याची ख्याती होती.

या ख्यातीची परीक्षा लवकरच झाली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत दिवसाला ८ ते ३१ ग्रॅम ॲस्पिरिन देण्याची शिफारस प्रतिष्ठित वैद्यकीय वर्तुळांतून होत होती. आज प्रौढांनी स्वतःहून घ्यायची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते. ॲस्पिरिनपासून शरीरात तयार होणारे सॅलिसिलेट बाहेर टाकण्याची शरीराची क्षमता ठरावीक असते. ती ओलांडली की मात्रा थोडीशी वाढवली तरी रक्तातील प्रमाण झपाट्याने चढते, श्वास जलद होतो आणि फुप्फुसांत पाणी साठू शकते. हे गणित तेव्हा ठाऊक नव्हते. त्या साथीतील काही मृत्यूंना औषधाच्या अतिरेकाने हातभार लावला असावा, असे मत काही संशोधकांनी अलीकडे मांडले आहे. ते सिद्ध झालेले नाही, तरीही दुखणे वाढले म्हणून गोळ्या वाढवणाऱ्या प्रत्येकाने ते विचारात घ्यावे, असे मला वाटते. १९३८ मध्ये लंडनमधील दोन डॉक्टरांनी जठरात दुर्बीण घालून ॲस्पिरिनचा परिणाम प्रत्यक्ष पाहिला. गोळी घेतलेल्या अनेकांच्या जठराचे अस्तर लाल झाले होते. वरून काहीही त्रास जाणवत नसताना आत इजा होऊ शकते, याचा तो पहिला डोळ्यांनी दिसलेला पुरावा होता.

ॲस्पिरिनइतके गुणकारी पण त्याहून सौम्य औषध शोधण्याचे काम १९५० च्या दशकात अनेक ठिकाणी सुरू झाले. नॉटिंगहॅम येथील बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स आणि रसायनशास्त्रज्ञ जॉन निकल्सन यांनी शेकडो संयुगे तपासली. त्यांतील आयब्युफेनॅक हे औषध ब्रिटनमध्ये विक्रीस आले, पण काही रुग्णांना त्यामुळे कावीळ झाली आणि ते मागे घ्यावे लागले. त्याच कुळातील आयब्युप्रोफेन मात्र टिकले. १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये आणि १९७४ मध्ये अमेरिकेत उपलब्ध झाले, दोन्हीकडे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

तोपर्यंत ही औषधे नेमके काय करतात हेच कोणाला सांगता येत नव्हते. १९७१ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये काम करणारे जॉन व्हेन यांनी त्याचा उलगडा केला. शरीरात दाह निर्माण झाला की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती वेदना तीव्र करतात, सूज आणतात आणि ताप चढवतात. ॲस्पिरिन आणि तत्सम औषधे ही द्रव्ये तयार होऊच देत नाहीत, असे व्हेन यांनी दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात सुने बेर्गस्ट्रोम आणि बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्यासह तेही मानकरी ठरले.

या शोधाने औषधाचा गुण जितका समजला तितकाच त्याचा दोषही समजला, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. प्रोस्टाग्लँडिन केवळ दुखऱ्या गुडघ्यात तयार होत नाहीत. जठराच्या अस्तरावर संरक्षक श्लेष्मा ठेवणे, त्या अस्तराला पुरेसे रक्त मिळू देणे, शरीरातील पाणी कमी झाले असताना मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी रुंद ठेवणे ही कामेही त्याच द्रव्यांची आहेत. रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटून रक्तस्राव थांबवतात, तेही त्यांच्याच एका भावंड-द्रव्यामुळे. गोळी रक्तात मिसळली की तिला गुडघा आणि जठर यांतला फरक कळत नाही. त्यामुळे जेवणानंतर गोळी घेतली की पोटाची काळजी मिटली, हा सर्वत्र आढळणारा समज अर्धाच खरा ठरतो. पोट भरलेले असताना गोळी घेतल्यास जळजळ कमी जाणवते हे बरोबर आहे. परंतु व्रणाचा आणि रक्तस्रावाचा धोका मुख्यतः रक्तातून येतो, त्यामुळे हेच औषध इंजेक्शनाने किंवा गुदमार्गाने दिले तरी तो राहतोच. वय ६० च्या पुढे असणे, पूर्वी अल्सर झालेला असणे, रक्त पातळ करणारी औषधे किंवा स्टेरॉइड चालू असणे आणि रोजचे मद्यपान यांमुळे तो कित्येक पटींनी वाढतो. माहितीपत्रकातील पोटाविषयीच्या सूचना याच यादीवरून लिहिलेल्या असतात.

आयब्युप्रोफेनला १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९८४ मध्ये अमेरिकेत चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली. चिठ्ठीवर दिवसाला २४०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक दिले जाणारे हे औषध दुकानात २०० मिलिग्रॅमच्या गोळीत आले आणि स्वतःहून घेण्याची दिवसाची मर्यादा १२०० मिलिग्रॅम ठरवण्यात आली. अमेरिकेत दुखण्यासाठी १० दिवस आणि तापासाठी ३ दिवस, याहून अधिक काळ डॉक्टरांना न विचारता ते घेऊ नये, असेही लिहिले गेले. हे आकडे सोयीसाठी निवडलेले नाहीत. या औषधाच्या सुरक्षिततेची जी खात्री परवानगी देताना धरली गेली, ती एवढ्याच मात्रेपुरती आणि एवढ्याच काळापुरती होती. त्यापलीकडे ते पुन्हा चिठ्ठीचे औषध होते आणि चिठ्ठीसोबत तपासणी, रक्तदाब व रक्ताच्या चाचण्या अपेक्षित असतात. १९९४ मध्ये अमेरिकेत नॅप्रोक्सेनही याच वाटेने दुकानात आले. त्याचा प्रभाव जास्त वेळ टिकत असल्याने त्याच्या दोन मात्रांमधील अंतर मोठे ठेवावे लागते, आणि आयब्युप्रोफेनच्या सवयीने ते घेणाऱ्यांकडून इथेच चूक होते.

मुलांना ॲस्पिरिन न देण्याची सूचना १९८० च्या दशकातील आहे. ऑस्ट्रेलियातील विकृतिशास्त्रज्ञ डग्लस राय यांनी १९६३ मध्ये मेंदूची सूज आणि यकृताचा बिघाड एकत्र आणणारा मुलांमधील एक घातक आजार नोंदवला होता. फ्लू किंवा कांजिण्यांच्या वेळी ॲस्पिरिन घेतलेल्या मुलांत तो अधिक आढळतो, असे १९८० च्या सुमारास लक्षात आले. १९८६ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमध्ये इशारे लागू झाले आणि त्यानंतर हा आजार अत्यंत दुर्मीळ झाला. बारीक अक्षरांतील एखादी ओळ मुलांचे जीव कसे वाचवते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोस्टाग्लँडिन तयार करणारे विकर (एन्झाइम) दोन प्रकारचे असल्याचे समजले: एक जठर आणि बिंबिका यांत नेहमी कार्यरत असणारे, दुसरे प्रामुख्याने दाहाच्या वेळी वाढणारे. फक्त दुसरे रोखले तर वेदना जाईल आणि जठर शाबूत राहील, या आशेने १९९८ च्या अखेरीस सेलेकॉक्सिब आणि १९९९ मध्ये रोफेकॉक्सिब यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. रोफेकॉक्सिबची नॅप्रोक्सेनशी तुलना करणाऱ्या आणि ८००० हून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या अभ्यासात, २००० मध्ये, पोटाचे गंभीर त्रास खरोखर निम्म्यावर आलेले दिसले, पण हृदयविकाराचे झटके वाढलेले होते. तेव्हा त्याचे स्पष्टीकरण नॅप्रोक्सेनच हृदयाचे रक्षण करत असावे, असे देण्यात आले. पुढे औषध न देता केवळ साध्या गोळ्या दिलेल्या गटाशी तुलना झाली तेव्हाही धोका वाढलेला आढळला, आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी रोफेकॉक्सिब जगभरातून मागे घेण्यात आले. मधली चार वर्षे ते कोट्यवधी लोकांच्या हाती होते, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

त्यानंतर संशयाची नजर जुन्या औषधांकडेही वळली. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ॲस्पिरिन वगळता या गटातील सर्व औषधांवर, दुकानात खुली मिळणाऱ्यांवरही, हृदयविकार आणि पक्षाघाताचा इशारा छापायला लावला. २०१५ मध्ये तो अधिक कडक करताना हा धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही सुरू होऊ शकतो, असे नमूद केले. २०१३ मध्ये शेकडो चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले की याच गटातील डायक्लोफेनॅक मोठ्या मात्रेत वर्षभर घेणाऱ्या दर १००० जणांमागे हृदय व रक्तवाहिन्यांच्या सुमारे तीन जादा गंभीर घटना घडतात. ब्रिटनने २०१५ मध्ये डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांची चिठ्ठीविना विक्री थांबवली. मधूनअधून एखादी गोळी घेणाऱ्या निरोगी तरुणाने यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांनी मात्र ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊच नये.

हृदयासाठी रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन घेणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन बिंबिकेतील एकाच जागी बसतात. आयब्युप्रोफेन आधी येऊन बसले तर ॲस्पिरिनला जागा मिळत नाही. ते काही तासांनी निघून जाते, पण तोवर ॲस्पिरिनही रक्तातून नाहीसे झालेले असते, आणि हृदयाचे जे रक्षण व्हायचे ते होत नाही. अमेरिकेत २००६ मध्ये याविषयी सूचना निघाली: साधी ॲस्पिरिन घेतल्यावर किमान अर्धा तास थांबून किंवा ॲस्पिरिन घेण्याच्या आठ तासांहून अधिक आधी आयब्युप्रोफेन घ्यावे.

मूत्रपिंडाविषयीच्या इशाऱ्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जुलाब, उलट्या किंवा कडक उन्हातील श्रमांमुळे शरीर कोरडे पडलेले असताना प्रोस्टाग्लँडिनच मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरत असतात, आणि नेमक्या त्याच वेळी अंग दुखते म्हणून गोळी घेतली जाते. रक्तदाबाच्या काही औषधांसोबत लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल, तर अशा वेळी मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. डेंग्यूच्या शक्यतेत ही औषधे टाळायला सांगितले जाते ते रक्तस्रावाच्या भीतीने. तेथे पॅरासिटामॉल सुचवले जाते, जे या गटातले नाही आणि ज्याची स्वतःची मर्यादा यकृताशी निगडित आहे. दम्याच्या काही रुग्णांना या गटातील कोणत्याही गोळीने तीव्र धाप लागते, म्हणून एकदा असा त्रास झाल्यावर गटातलीच दुसरी गोळी घेऊन पाहणे धोक्याचे आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही औषधे टाळण्याची सूचना जुनीच होती; २०२० मध्ये अमेरिकेच्या नियामकाने ती २० व्या आठवड्यापर्यंत अलीकडे आणली, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी झाल्याच्या नोंदी पुढे आल्या होत्या.

त्याच वर्षी अमेरिकेत डायक्लोफेनॅकचे मलम चिठ्ठीविना मिळू लागले. त्वचेवर चोळलेल्या औषधाचा फारच थोडा अंश रक्तात जातो, त्यामुळे गुडघ्यासारख्या वरवरच्या सांध्याच्या दुखण्यात ते गोळीपेक्षा सुरक्षित मानले जाते. तरीही मलमासोबत त्याच गटाची गोळी आणि वर सर्दीच्या मिश्र औषधातले आयब्युप्रोफेन असे तिन्ही एकाच दिवशी पोटात आणि अंगावर जाऊ शकतात; म्हणून पाकिटावरील मोठ्या अक्षरांतल्या नावापेक्षा घटकद्रव्याची ओळ आधी वाचावी. गोळी चालू असताना शौच डांबरासारखे काळे झाले, उलटीत रक्त दिसले, छातीत दुखले किंवा लघवी एकदम कमी झाली, तर पुढची मात्रा न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.