भाऊ जेलमध्ये आहे, मग तडजोडीच्या तारखेला तो कोर्टात कसा येणार?

आमच्या वकिली ऑफिसात वाटणीच्या दाव्यांत हा प्रश्न बऱ्याचदा येतो, म्हणून हे लिहून ठेवलंय, निवांत वाचा आणि घरी पण दाखवा.

पहिली गोष्ट, तडजोडीची तारीख लागली म्हणून जेलवाले आपोआप कुणाला आणत नाहीत. ज्या कोर्टात दावा चालू आहे तिथे अर्ज द्यावा लागतो, मग कोर्टाचा आदेश जेल अधीक्षकांना जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेत यासाठी ऑर्डर १६-अ ही नियमावली आहे, 1976 च्या दुरुस्तीत आली. ती मुळात साक्षीसाठी आहे, त्यामुळे अर्जात "तडजोडीबाबत पक्षकाराचा जबाब नोंदवायचा आहे" असं स्पष्ट लिहावं लागतं, मोघम लिहिलं की अर्ज तसाच पडून राहतो.

अंतर पण बघतात. नाशिकरोड जेलपासून सीबीएस बसस्थानकाजवळचं नाशिकचं जिल्हा कोर्ट दहा-एक किलोमीटर, तिथे अडचण नाही, पण दावा मालेगावला असेल तर 25 किलोमीटरच्या मर्यादेच्या वर जातं, मग कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाने जेलमध्ये जाऊन, जबाब घेऊन भागणार नाही हे कोर्टाला पटवावं लागतं. पोलीस गार्डचा खर्च कोर्ट अर्जदाराला आधी भरायला लावू शकतं, तेवढी तयारी ठेवा.

कच्चा कैदी असेल तर नीट ऐका. खटला चालू असून तो रिमांडवर असेल किंवा जेलच्या डॉक्टरांनी प्रवासाला अनफिट लिहिलं असेल तर जेल अधिकारी त्याला न आणता कोर्टाला कारणं कळवतात, कायदाच तसा आहे, तिथे भांडून उपयोग नाही. अशा वेळी आम्ही व्हीसीसाठी (व्हिडिओ कॉन्फरन्सिंग) किंवा कमिशनसाठी अर्ज देतो.

बरेच जण म्हणतात कशाला एवढा व्याप, मुखत्यारपत्र करून टाकू. होतं तसं, पण आमचं मत विचाराल तर माणूस समोर हवा. एका वाटणीत सगळं ठरलं होतं, फक्त सह्या बाकी होत्या, जेलमधून आणलेल्या भावाने सातबाऱ्यावर गट नंबरवर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि हळूच विचारलं, विहिरीचं पाणी कुणाच्या वाट्याला? तडजोडीच्या पुरसीसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, ते नव्हतंच. आम्ही तिघं वकील आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, मग पाळीपाळीने पाणी असं हाताने लिहून घेतलं आणि मग सह्या झाल्या.

तडजोडीची बोलणी मध्यस्थांपुढे असतील तर त्यांच्या खोलीत गार्डने दाराशी, नजरेच्या टप्प्यात थांबावं अशी विनंती आम्ही करतो, कारण मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं आणि खाकीसमोर माणूस मोकळं बोलत नाही हो.

वकीलपत्रावर त्याची सही जेलमध्ये अधीक्षकांसमोर होते, त्यांच्या शिक्क्यासकट, त्यात दिवस जातात. सणासुदीला, निवडणुकीला गार्ड मिळत नाही, आणि 2027 ला सिंहस्थ आहे, तेव्हा बंदोबस्त किती असेल विचार करा, म्हणून तारीख लागल्या लागल्या या, आदल्या संध्याकाळी नको.

आणि पैशाची अडचण असेल तर आमच्याकडेच या असं नाही, कोठडीतल्या माणसाला 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.

येताना दाव्याचा नंबर, पुढची तारीख, त्याचा कैदी नंबर आणि ताजा सातबारा एवढं आणा.